रांग आपल्याच दारात लागली पाहिजे

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला कारखाना आणि धरमपेठेतलं ऑफिस २० एमबीपीएसच्या लाइनने जोडलेलं आहे, असं समजू. दुपारी बॅकअप सुरू झाला की फोनवरचा आवाज तुटायला लागतो. म्हणून नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटी ऑफ सर्व्हिसची, म्हणजे कोणत्या डेटाला आधी जाऊ द्यायचं याची, पॉलिसी तयार होते, आवाजाला प्राधान्य दिलं जातं, आणि तरीही आवाज तुटतच राहतो.

राउटरचा पोर्ट १ जीबीपीएसचा असतो, लाइन मात्र २० एमबीपीएसची. त्यामुळे राउटरला गर्दी दिसतच नाही. पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, येतील तशी तो पुढे ढकलतो आणि रांग लागते पलीकडच्या मोडेममध्ये, जिथे आपली पॉलिसी पोचलेलीच नाही. तिथे १ एमबी (८ मेगाबिट) डेटा तुंबला तर २० एमबीपीएसने तो उपसायला ०.४ सेकंद लागतात. संभाषण नीट व्हायचं तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. म्हणून सगळ्यात आधी बाहेर जाणारी वाहतूक शेपिंग (वेगाला लगाम) लावून १९ एमबीपीएसवर बांधायची, म्हणजे रांग आपल्याच राउटरमध्ये लागेल. वर्गवारी त्यानंतर.

वर्ग ओळखण्याची खूण म्हणजे डीएससीपी, आयपी हेडरमधले ६ बिट. आवाजाला ४६, व्हिडिओ मीटिंगला ३४, बिलिंगला १८, बॅकअपला ८. ४६ ही खूण फक्त फोनच्या व्हीलॅनकडून (फोनसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमधून) आली तरच मानावी. नाहीतर कोणताही संगणक स्वतःवर ४६ लावून पुढे घुसेल.

आता आवाजाला किती द्यायचं? जी.७११ या पद्धतीने आवाज पाठवणाऱ्या कॉलमध्ये सेकंदाला ५० पॅकेट जातात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर, म्हणजे ८० केबीपीएस. इथरनेटचं ओझं धरून ८७ च्या आसपास. एका वेळी १२ कॉल होत असतील तर १.५ एमबीपीएस पुरे. या रांगेला मर्यादा हवीच, नाहीतर बाकीचे उपाशी राहतात. पण मर्यादा जेमतेम ठेवणंही वाईट. अठरावा कॉल आला की पॅकेट फेकली जातात, आणि ती कुठल्या कॉलची हे राउटर बघत नाही. एक कॉल जास्त झाला म्हणून अठराही कॉल खरखरतात. त्यामुळे कॉलची संख्या फोन सर्व्हरवरच १६ला थांबवावी. उरलेल्यापैकी व्हिडिओला ६ एमबीपीएस, बिलिंगला ५, बॅकअपला किमान १, बाकी इतरांना.

पॉलिसी दोन्ही टोकांना लावावी लागते, कारण आपला ताबा फक्त बाहेर जाणाऱ्या रांगेवर चालतो. सॉफ्टवेअरमधून एकच टेम्प्लेट सगळीकडे पाठवताना इथेच फसगत होते. बुटीबोरीच्या गोदामाची लाइन १० एमबीपीएसची असेल तर तिथे १९चा आकडा निरुपयोगी. रांग पुन्हा मोडेमकडे गेली. शेपिंगचा दर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा भरावा.

तपासणी बॅकअप चालू असतानाच करायची. आवाजाच्या वर्गात पॅकेट शून्य दिसली तर खूण बहुधा वाटेतल्या स्विचने पुसली आहे. बॅकअपची पॅकेट गळत आहेत आणि आवाजाचं एकही गळत नाही, असं दिसलं की पॉलिसी लागू पडली.