मिश्रणांचे पृथक्करण
मिश्रणातील घटक, त्यांच्या भौतिक गुणधर्मांतील फरकाचा उपयोग करून, रासायनिक विक्रिया न घडवता अलग करण्याची प्रक्रिया. शालेय रसायनशास्त्रात ती द्रव्याच्या वर्गीकरणाला जोडून येते : मूलद्रव्ये व संयुगे शुद्ध, तर मिश्रणे समांगी (सर्वत्र एकसारखी) किंवा विषमांगी. संयुगाचे घटक भौतिक रीतींनी सुटत नाहीत, ही या वर्गीकरणाची कसोटी होय. कलिले (अतिसूक्ष्म कण पसरलेली मिश्रणे) तीत सहजी बसत नाहीत. दूध डोळ्यांना एकजिनसी दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली तसे नसते. गाळणे, निवळणे, संप्लवन इ. रीती सर्वपरिचित आहेत. येथे मुख्यतः गोव्यात व्यवसाय म्हणून रुजलेल्या दोन रीतींचा विचार केला आहे.

स्फटिकीभवन : समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे 3.5 टक्के क्षार असतात व त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक सोडियम क्लोराइड असते. आगरवाडा, नेरूल, रायबंदर येथील मिठागरांत भरतीचे पाणी उथळ वाफ्यांतून पुढे पुढे नेत आटवतात. या कृतीला नुसते ‘बाष्पीभवन’ म्हणणे अपुरे आहे. पाणी आटताना आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम खाली बसते. मूळच्या सुमारे एक-दशांश पाणी उरले, की मिठाचे रवे धरू लागतात. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यातच राहतात. वाफा पूर्ण सुकू दिला, तर हे क्षारही मिठात येतात. असे मीठ कडसर लागते व दमट हवेत पाझरते. सबब ही खरी भागशः स्फटिकीभवनाची रीत होय.

ऊर्ध्वपातन : काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाटीवरील (मद्य गाळण्याच्या भट्टीवरील) भाणात, म्हणजे भांड्यात, तापवतात. वाफ नळीवाटे दुसऱ्या बंद भांड्यात जाते आणि त्यावर गार पाणी ओतत राहिल्याने तेथेच निवते. पहिल्या खेपेस सौम्य हुर्राक मिळतो. तो आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातित केला, की फेणी मिळते. तीत अल्कोहोल सुमारे 42 टक्के असते. अल्कोहोल 78° से.ला आणि पाणी 100° से.ला उकळते, म्हणून आधी केवळ अल्कोहोलच बाहेर पडते, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा समज चुकीचा आहे; वाफेत दोन्ही असतात, फक्त अल्कोहोलचे प्रमाण वाढलेले असते. कितीही वेळा ऊर्ध्वपातन केले, तरी वातावरणीय दाबाखाली वजनाने 95.6 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. फेणीत अर्थात तेवढी शुद्धता कोणालाच नको असते. वास गेला तर फेणी कसली! काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळाले.

ऊर्ध्वपातनाची ही कला गोव्यात कोठून आली, याविषयी मतभेद आहेत. ती पोर्तुगीजांबरोबर आली, असे एक मत आहे. काजूचे झाड त्यांनीच ब्राझीलमधून, बहुधा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणले, हे खरे; परंतु झाडाचा इतिहास व भाटीचा इतिहास एक मानण्याचे कारण नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाच्या सुरेपासून (माडीपासून) काढलेल्या ऊर्ध्वपातित मद्याची माहिती आहे आणि तो रिवाज स्थानिक म्हणूनच येतो. तक्षशिला व शैखान ढेरी (दोन्ही आता पाकिस्तानात) येथील मृत्पात्रांवरून पुरातत्त्वज्ञ एफ्. आर्. ऑल्चिन यांनी 1979 मध्ये हे तंत्र भारतीय उपखंडात इसवी सनाच्या आगेमागे अवगत असल्याचे प्रतिपादन केले. वाफ गोळा होणारे भांडेच थंड करण्याची त्यांनी मांडलेली रचना गोव्यातील जुन्या भाटीशी जुळते. मात्र तक्षशिलेचे यंत्र सुटी पात्रे जुळवून कल्पिलेले आहे, हा आक्षेप वजनदार वाटतो. झावर (राजस्थान) येथील जस्ताचे ऊर्ध्वपातन त्या मानाने निर्विवाद असून ते सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. तेव्हा माडाची भाटी पोर्तुगीजपूर्व असावी. तिला फार प्राचीन ठरवणे धाडसाचे होईल.

चुंबकीय पृथक्करण : लोखंडाचा कीस व गंधक यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे : कीस चुंबकाला चिकटतो, गंधक मागे राहते. गोव्याचे लोहखनिज मुख्यत्वे हेमॅटाइट असल्याने साध्या चुंबकाला दाद देत नाही. ते दळून, धुऊन, घनतेतील फरकाने मातीपासून वेगळे करतात.