सन फोटोमीटर घेताय? आधी दुपारचा आलेख बघा

सन फोटोमीटर सूर्याकडे रोखला की तो थेट येणारा प्रकाश मोजतो. हवेतल्या धुळीने-धुराने त्यातला किती अडवला, यावरून एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी, काढतात. एखाद्या तरंगलांबीला एओडी 0.5 असेल आणि सूर्य डोक्यावर, तर त्या तरंगलांबीचा सुमारे 39 टक्के प्रकाश एरोसोलमुळे वाटेतच कमी होतो. हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा. चौकातल्या पीएम 2.5 च्या (जमिनीलगतच्या हवेतल्या बारीक कणांच्या) फलकाशी तो जुळत नाही म्हणून यंत्र परत आणू नका (एका ग्राहकाने आणलं होतं!).

खरेदीआधी आम्ही यंत्र चार दिवस वापरायला देतो. एखादा निरभ्र दिवस गाठून सकाळी आठपासून चारपर्यंत दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घ्या आणि त्यांचा आलेख काढा. स्वच्छ दिवशी दर वेळी साडेबाराच्या आसपासच एओडी फुगत किंवा खचत असेल, तर आधी संशय कॅलिब्रेशनवर, म्हणजे यंत्राच्या मोजमापाच्या जुळवणीवर घ्या, नागपूरच्या हवेवर नंतर. वातावरण नसतं तर यंत्राने किती दाखवलं असतं, हा मूळ आकडा 2 टक्क्यांनी चुकला, की सूर्य डोक्यावर असताना एओडी 0.02 ने चुकते. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असताना प्रकाशाची वाट दुप्पट होते आणि चूक निम्मी, 0.01. म्हणून खोट दुपारी उघडी पडते.

मूळ आकडा लँगली पद्धतीने मिळतो: सूर्य चढता-उतरताना प्रकाशाची वाट बदलते, तेव्हाच्या रीडिंगवरून वाट शून्य असतानाचा आकडा काढायचा. त्यासाठी काही तास हवा स्थिर लागते. हवाईतल्या सुमारे 3,400 मीटर उंचीवरच्या मौना लोआ वेधशाळेत ती मिळते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या आणि सकाळची रहदारी यांच्यामध्ये बसून ती कुठली मिळायला! आम्ही हिवाळ्यात यंत्रं चिखलदऱ्याला नेतो, पण तेही मौना लोआ नव्हे. त्यामुळे आमचा भरवसा कॅलिब्रेट केलेल्या संदर्भ यंत्राशेजारी ठेवून घेतलेल्या रीडिंगवर. जागतिक हवामान संघटनेच्या निकषानुसार दोन यंत्रांच्या एओडीमधल्या फरकांपैकी 95 टक्के फरक 0.005 अधिक (0.010 भागिले वायुमार्ग), या मर्यादेत बसायला हवेत; वायुमार्ग म्हणजे प्रकाशाची हवेतली वाट, सूर्य डोक्यावर असताना 1. तुमच्या यंत्राच्या या फरकांचा तक्ता मागून घ्या.

काचेवर धूळ बसली तर एओडी उगाच जास्त दिसते. ब्लोअरने काढा, फडक्याने पुसू नका. मे महिन्यात यंत्र उन्हात तापत ठेवू नका, 1020 नॅनोमीटर तरंगलांबी मोजणाऱ्या चॅनेलचं रीडिंग तापमानाने हलतं. फिल्टर जुने होतात, म्हणून कॅलिब्रेशन दरवर्षी.

जुलै-ऑगस्टमध्ये चाचणीसाठी यंत्र नेऊ नका. विरळ ढगही एरोसोल म्हणूनच मोजला जातो. दिवाळीनंतर या.