थाळनेरची दिंडी आणि पटावरचा पंच

तापीकाठचं थाळनेर. मंदसौरच्या तहात होळकरांनी हा किल्ला इंग्रजांना देऊन टाकला होता, पण किल्लेदार सोडायला तयार नव्हता. फेब्रुवारी १८१८ मध्ये तोफा लागल्या, शरणागतीची बोलणी निघाली, आणि दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, आत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर एकाएकी वार झाले. मग शिबंदीची कत्तल, किल्लेदाराला फाशी. आतलं बाहेर कळेना, बाहेरचं आत. युद्धाचा खेळ रचणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळलं ते या अंधाराने: तो पटावर आणायचा कसा?

प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने वडिलांचा युद्धखेळ सुधारून आणला, तेव्हा त्यावर तोड होती: पंच. दोन्ही बाजूंचे हुकूम त्याच्याकडे जात. कुणाला काय दिसावं हे तो ठरवी.

चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकनाने १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा युद्धखेळाचा पट विकायला काढला आणि खेळ घराघरांत गेला. पुढे चौकोनांऐवजी षटकोनी घरं आली. चौकोनात तिरकी चाल लांब पडते. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. लढत लागली की दोन्ही बाजूंच्या बळाचं प्रमाण काढायचं, फासा टाकायचा, तक्त्यात निकाल पाहायचा. पण घरी पंच म्हणून बसायला तिसरा माणूस कुठून आणणार? सगळ्या सोंगट्या उघड्यावर आल्या, आपल्या पारावरच्या वाघबकरीसारख्या.

कॉम्प्युटरने आधी ही पंचाची रिकामी जागाच भरली. १९८० च्या 'कॉम्प्युटर बिस्मार्क'मध्ये जर्मन युद्धनौका समुद्रात कुठे आहे, हे यंत्राला ठाऊक. तुम्ही शोधत बसा. (ॲव्हलॉन हिल या कंपनीचा 'बिस्मार्क' पट आधीच बाजारात होता, त्यामुळे साम्यावरून वादही झाला.) पुढच्या वर्षी ख्रिस क्रॉफर्डने अटारीच्या कॉम्प्युटरवर 'ईस्टर्न फ्रंट' हा खेळ आणला. त्यात षटकोन नव्हते, आणि दोन्ही बाजूंच्या चाली एकदमच घडत. तुम्ही विचार करत बसलात की तेवढ्या वेळात यंत्रही आपला डाव घोटत असे. घाई न करणाऱ्याला शिक्षाच म्हणायची!

मला मात्र एक गोष्ट खटकते. तो तक्ता यंत्राच्या पोटात गेला. पटावर हरलो तर कशामुळे, ते बोट ठेवून दाखवता यायचं. इथे तुकडी गारद झाली एवढंच कळतं. वाघबकरीतला निम्मा रंग भांडणात असतो. यंत्राशी भांडणार कसं?

म्हणून 'व्हॅसल' हे कॉम्प्युटरवर पट मांडून खेळायचं सॉफ्टवेअर मला जवळचं वाटतं. त्यात पडद्यावर नुसता पट आणि सोंगट्या. नियम पाळायचे ते खेळणाऱ्यांनीच. जळगावातून पुण्याच्या मित्राशी खेळताना त्याची चाल चुकली, तर मी सरळ फोन लावतो.