शॉर्ट मॅग्नम काडतूस : हलक्या शिकारी रायफलीसाठी निवड

शॉर्ट मॅग्नम म्हणजे आखूड आणि जाड पुंगळीचे, पोटात भरपूर दारू मावणारे रायफलीचे काडतूस. ते आखूड ॲक्शनच्या रायफलीत बसते आणि तरीही लांब पुंगळीच्या जुन्या मॅग्नमच्या जवळपास वेग देते. त्याचे खरे क्षेत्र उत्तर अमेरिकेतील डोंगराळ शिकार. कोलोरॅडो, वायोमिंग, आयडाहो इथे एल्क हरणाच्या मागे आणि अलास्कात रानमेंढ्यांच्या मागे शिकारी दिवस दिवस चढतात, आणि पाठीवरचा प्रत्येक किलो त्यांना जाणवतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार कायद्याने बंद आहे. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला भेटतो तो परदेशातल्या शिकारीच्या संदर्भातच.

रायफलीत ॲक्शन म्हणजे बोल्ट, त्याचे घर आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलणारी यंत्रणा. काडतुसाच्या नावातला .३० किंवा .३०० सारखा आकडा साधारणपणे गोळीचा व्यास इंचात सांगतो. .३०-०६ किंवा .३०० विन्चेस्टर मॅग्नम हे गोळीसकट पूर्ण काडतूस ८४.८ मिमी लांब असते. त्याला लांब ॲक्शन लागते. .३०८ विन्चेस्टर (१९५२) ७१.४ मिमीचे आहे, आणि आखूड ॲक्शनचे माप मुख्यतः त्याच्यावरून ठरले. दोन्हींत फरक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्याने बोल्टची ये-जा थोडी कमी होते आणि ॲक्शन किंचित ताठ होते. वजनाची बचत मात्र फार तर शंभरएक ग्रॅमची. रायफल खरी हलकी होते ती बारीक नळी, कार्बन धाग्यांचा दस्ता आणि छोटी दुर्बीण यांमुळे. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्स यांनी अल्ट्रा लाइट आर्म्सच्या रायफली सव्वादोन किलोंच्या आत आणल्या. नुसती ॲक्शन आखूड करून ते झाले नव्हते. दस्त्यापासून स्क्रूपर्यंत प्रत्येक भाग त्यांनी नव्याने विचार करून घडवला होता.

आखूड मॅग्नमची कल्पना वाटते त्याहून जुनी आहे. .२८४ विन्चेस्टर १९६३ मध्ये आले. त्याची पुंगळी जाड, पण बुडाची कड नेहमीच्या मापाची होती, म्हणजे जुनाच बोल्ट चालावा. रेमिंग्टनने १९६५ मध्ये .३५० आणि पुढच्या वर्षी ६.५ मिमी रेमिंग्टन मॅग्नम काढले, तेही मॉडेल ६०० या छोट्या कार्बाइनसाठी. नळी जेमतेम ४७ सेंमी. एवढ्या आखूड नळीत दारू पुरती जळत नाही. आवाज आणि ज्वाळा मोठी, वेग अपुरा. ग्राहकांनी पाठ फिरवली. पुढच्या पिढीतल्या काही रायफलींनी याच चुका पुन्हा केल्या, म्हणून हा इतिहास इथे सांगणे आवश्यक वाटते.

दुसरा धागा नेमबाजीच्या स्पर्धांतून आला. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७० च्या दशकात .२२० रशियनच्या पुंगळीपासून ६ मिमी पीपीसी हे काडतूस घडवले आणि बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेम धरण्याच्या) स्पर्धांत त्याने भल्याभल्यांना मागे टाकले. दारूचा स्तंभ आखूड आणि रुंद असेल तर प्राइमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या टोपीची, ठिणगी दारू अधिक एकसारखी पेटवते, हा विचार त्यातून रुजला. तो निराधार नाही. पण शिकारीच्या रायफलीत त्याचा लाभ जाहिरातींत सांगितला जातो तेवढा मोठा नसतो.

विन्चेस्टरने २००१ मध्ये .३०० विन्चेस्टर शॉर्ट मॅग्नम (डब्ल्यूएसएम) बाजारात आणले तेव्हा हे दोन्ही धागे एकत्र आले. पुंगळीचा घेर .४०४ जेफरी या जुन्या ब्रिटिश काडतुसाच्या घराण्यातला. पुंगळी ५३.३ मिमी, पूर्ण काडतूस ७२.६ मिमी, खांद्याचा (पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या भागाचा) कोन ३५ अंश. जुन्या मॅग्नमच्या बुडाजवळ असतो तसा पट्टा इथे नाही. तो पट्टा १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडकडून आलेला. त्या काडतुसाचा खांदा उतरता असल्याने चेंबरमध्ये पुंगळी नेमकी टेकायला काहीतरी धार हवी होती. खांदा स्पष्ट झाला की पट्ट्याची गरज संपते, आणि घरी काडतुसे भरणाऱ्याच्या पुंगळ्याही जास्त वेळा वापरता येतात.

या काडतुसातून १८० ग्रेनची (११.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ९०५ मीटर वेगाने निघते. .३०० विन्चेस्टर मॅग्नमचा कारखानी वेगही जवळपास तितकाच आहे, आणि इथे दारू थोडी कमी लागते. पाठोपाठ .२७० आणि ७ मिमी डब्ल्यूएसएम आली, २००५ मध्ये .३२५. रेमिंग्टनने याच सुमारास ७ मिमी आणि .३०० शॉर्ट ॲक्शन अल्ट्रा मॅग्नम (एसएयूएम) काढली. त्यांची पुंगळी आणखी आखूड, ५१ मिमीची, म्हणजे मॉडेल सेव्हनसारख्या छोट्या रायफलीत नीट बसावी. २००८ मध्ये हॉर्नडी आणि रुगर यांनी .३०० रुगर कॉम्पॅक्ट मॅग्नम काढले. त्याच्याच पुंगळीतून पुढे ६.५ प्रिसिजन रायफल कार्ट्रिज (पीआरसी) तयार झाले आणि २०१८ पासून ते सर्वत्र दिसू लागले. २०२१ चे ६.८ वेस्टर्न म्हणजे .२७० डब्ल्यूएसएमची पुंगळी थोडी आखूड केलेली, जेणेकरून १६५ ते १७५ ग्रेनच्या लांबट गोळ्या मॅगझिनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीत, मावाव्यात. त्या गोळ्या स्थिर राहण्यासाठी नळीच्या आतल्या खाचांना पीळही अधिक घट्ट द्यावा लागतो. जुन्या .२७० च्या नळीतून त्या नीट जात नाहीत.

निवडीचा खरा प्रश्न धक्क्याचा आहे. गोळीचे वस्तुमान, दारूचे वस्तुमान आणि रायफलीचे वजन धरले की धक्क्याची ऊर्जा काढता येते. दुर्बिणीसकट ३ किलोच्या रायफलीत .३०० डब्ल्यूएसएमचा धक्का अंदाजे ४६ जूल येतो, ६.५ पीआरसीचा ३० च्या आसपास, १५० ग्रेनच्या गोळीच्या .३०८ चा २६. तेच .३०० डब्ल्यूएसएम ४ किलोच्या रायफलीत ३५ वर उतरते. म्हणजे चढताना वाचवलेला किलो घोडा दाबताना खांद्याकडून वसूल होतो. माणूस धक्क्याला घाबरू लागला की गोळी सुटायच्या क्षणी डोळे मिटतो आणि हात झटकतो. मग हरिणाच्या फुप्फुसाऐवजी गोळी पोटात लागते, आणि तो प्राणी तासन् तास तडफडत मरतो. या नोंदीतला दुसरा कोणताही आकडा याहून महत्त्वाचा नाही.

नळीच्या तोंडाशी ब्रेक (जळत्या वायूंना बाजूला वळवणारा भोकांचा तुकडा) लावला की धक्का बराच कमी होतो. पण आवाज बाजूला फेकला जातो, आणि शेजारी उभ्या वाटाड्याच्या कानांना त्याची किंमत मोजावी लागते. दोघांनीही कानात बोळे घालणे अनिवार्य. दुर्बीण डोळ्यापासून पुरेशी दूर बसवली नाही तर तिची कड भुवईवर आपटते, हेही हलक्या मॅग्नममध्ये नेहमीचे.

नळीच्या लांबीचा हिशेब वेगळा. मॅग्नमला ६१ सेंमी नळी मानवते; हलक्या रायफलीत ती ५१ ते ५६ सेंमी असते. दर अडीच सेंटिमीटरमागे सेकंदाला साधारण ६ ते ९ मीटर वेग जातो. बारीक नळी तीन गोळ्यांत तापते आणि गोळ्या लक्ष्यावर सरकू लागतात. शिकारीत पहिली गोळीच महत्त्वाची, म्हणून हे चालून जाते, पण नेम जुळवताना दोन गोळ्यांमध्ये नळी थंड होऊ द्यावी लागते.

जाड पुंगळीचा एक त्रास विकत घेताना लक्षात येत नाही. मॅगझिनमध्ये .३०८ ची चार-पाच काडतुसे बसतात तिथे डब्ल्यूएसएमची सहसा तीनच. तीव्र खांदा आणि आत घेतलेली (पुंगळीहून अरुंद) बुडाची कड यांमुळे, मूळ .३०८ साठी बनवलेल्या ॲक्शनमध्ये ती कधी कधी अडकतात. दुकानातच निकामी, डमी काडतुसे भरून बोल्ट जोरात आणि हळू, दोन्ही प्रकारे चालवून पाहावा. ६.५ पीआरसीचे पूर्ण काडतूस ७५ मिमीचे आहे. ७२ मिमीच्या मॅगझिनमध्ये ते बसत नाही, आणि गोळी आत दाबून बसवली तर दारूची जागा जाते. म्हणून त्यासाठी किंचित लांब मॅगझिनची रायफल घ्यावी.

कायद्याची अट फार मोठी नाही. कोलोरॅडोत एल्कसाठी .२४ किंवा मोठे कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १,३५६ जूल ऊर्जा लागते. साधे .३०८ ही अट सहज पार करते. नर एल्क तीनशे किलोंहून जड असला तरी अडीचशे मीटरच्या आत शॉर्ट मॅग्नमची गरज क्वचितच पडते. तिचा उपयोग आहे तो त्यापलीकडे, वारा वाहत्या उघड्या दरीत. प्रस्तुत लेखकाच्या मते ३ किलोच्या रायफलीला ६.५ पीआरसी किंवा .२७० डब्ल्यूएसएम पुरे. .३०० डब्ल्यूएसएम घ्यायचेच असेल तर रायफल साडेतीन किलोंच्या खाली नेऊ नये.

शेवटचा निकष काडतुसे मिळण्याचा. .३०० आणि .२७० डब्ल्यूएसएम अजून नियमित बनतात, ६.५ पीआरसी तर अनेक कारखाने बनवतात. ७ मिमी डब्ल्यूएसएम आणि .३०० एसएयूएम दुकानांतून जवळजवळ गेली. ७ मिमी एसएयूएम टिकले आहे ते मुख्यतः घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या आणि दूरच्या नेमबाजीच्या हौशींच्या जोरावर.