पेटी-तबल्याच्या क्लासची ‘परंपरा’ किती जुनी?

महाराष्ट्रात कुठल्याही गावी पेटीच्या किंवा तबल्याच्या क्लासला जा, शिकवण्याचा क्रम साधारण तोच दिसतो. पेटीला आधी अलंकार (सरावाच्या ठरावीक स्वररचना), मग एखाद्या रागातलं सरगमगीत (शब्दांऐवजी स्वरांचंच गाणं), मग छोटा ख्याल (जलद लयीतली बंदिश). तबल्याला त्रितालाचा ठेका, हातावर टाळी देत त्याची दुगुन (दुप्पट लय), मग एक कायदा (बोलांची मूळ रचना) आणि चार पलटे (तिचे विस्तार). सगळं वहीत उतरवून घ्यायचं आणि वर्षातून एकदा परीक्षेला बसायचं. याला सर्रास ‘आपली परंपरा’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात हा क्रम फार तर सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या घडणीत गुरुगृहापेक्षा छापखान्याचा आणि परीक्षा केंद्राचा वाटा मोठा आहे.

त्याआधीच्या काळाबद्दल फार लिहायची गरज नाही. घराण्यांची तालीम, गंडाबंधन (गुरूने शिष्याला धागा बांधण्याचा विधी), हातची चीज (बंदिश) सहजी न सोडणारे उस्ताद हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शिकवणीच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावी : शिष्य घरातला किंवा घरात राहणारा असे. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तासभर येणाऱ्या पोराला काय शिकवायचं, आणि आधी काय, नंतर काय, हा प्रश्नच कुणापुढे नव्हता. तो पडला शाळांपुढे. १८८६ साली बडोद्याला संस्थानाच्या आश्रयाने गायनशाळा निघाली, १९०१ मध्ये लाहोरला विष्णु दिगंबर पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय सुरू झालं आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आलं. वर्गभर मुलांना एकाच वेळी एकच चीज सांगायची तर ती फळ्यावर लिहावी लागते. स्वरलिपीची, म्हणजे स्वर लिहून ठेवण्याच्या पद्धतीची, निकड इथून आली.

घरोघरच्या शिकवण्या वाढल्या त्या मात्र पेटीमुळे. पॅरिसमध्ये १८४०च्या दशकात पायाने भाता मारायचं हे वाद्य निघालं, आणि १८७५च्या सुमारास कोलकात्यात त्याची हाताने भाता मारायची, जमिनीवर ठेवून वाजवायची आवृत्ती तयार झाली. सारंगी किंवा सतार रोज लावावी लागते. पेटी उघडली की सूर तयार. खासगी मास्तरांच्या दृष्टीने हे वरदानच होतं, कारण शिकवणीचा अर्धा तास वाद्य सुरात आणण्यात जात नसे. संगीत नाटकांनी नाट्यपदं घरात आणली आणि ती पदं पेटीवर काढून देणाऱ्या मास्तरांना मागणी आली. १९३२ मध्ये मराठी चित्रपट बोलू लागला, नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या, आणि त्यांतल्या वादकांनाही शिकवण्यांचाच आधार उरला.

मध्येच एक विचित्र काळ येऊन गेला. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी आली. या वाद्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म सूर) सापडत नाहीत, स्वर परकीय पद्धतीने बांधलेले आहेत, असे आक्षेप होते. स्वातंत्र्यानंतरही बंदी कायम राहिली आणि १९७१ मध्ये ती सैल झाली, तीसुद्धा साथीपुरती. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटे नव्हते. पण त्या तीस वर्षांत घरोघरी पेटी वाजतच होती. फक्त ऐकून उचलावं असं स्वतंत्र पेटीवादन रेडिओवरून कानी पडलं नाही. पेटी म्हणजे गळ्याची सावली ही क्लासांतली समजूत त्यामुळे आणखी घट्ट झाली असावी.

आता स्वरलिपीकडे. शिकवणीवर तिच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन लिप्या पुढे आल्या : पलुस्कर लिपी आणि विष्णु नारायण भातखंडे यांची भातखंडे लिपी. दोन्ही मराठी माणसांनी घडवल्या, दोन्ही देवनागरीत, दोन्ही सारेगमवरच उभ्या. पण खुणा अशा की एकाची खूण दुसऱ्याकडे भलताच अर्थ घेते. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार (वरचं) सप्तक. पलुस्कर लिपीत तोच बिंदू मंद्र (खालच्या) सप्तकाचा, आणि तार सप्तकाला उभी रेघ. भातखंडे लिपीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि ‘खाली’ला (जिथे टाळी देत नाहीत त्या जागेला) शून्य. पलुस्कर लिपीत समेला १ आणि ‘खाली’ला +. घाईत लिहिलेल्या वहीत × आणि + वेगळे ओळखून दाखवा. शून्याचाही तोच घोळ : भातखंडे लिपीत ते तालाच्या ओळीत ‘खाली’ची जागा दाखवतं, पलुस्कर लिपीत स्वराखाली आलं की अर्धी मात्रा.

सगळ्यांत मोठा घोटाळा स्वराखालच्या आडव्या रेघेचा. भातखंडे लिपीत ती कोमल (शुद्ध स्वरापेक्षा किंचित उतरलेल्या) स्वराची खूण. पलुस्कर लिपीत कोमलला पाय मोडल्यासारखी हलन्ताची खूण असते, आणि आडवी रेघ सांगते की हा स्वर एक मात्रेचा. म्हणजे पलुस्कर लिपीत लिहिलेलं भूप रागाचं साधं सरगमगीत घ्या : सा रे ग प ध, प्रत्येक स्वर एक मात्रेचा, प्रत्येकाखाली रेघ. भातखंडे लिपी शिकलेला मुलगा ते वाचेल तेव्हा रे, ग, ध कोमल लावेल आणि चक्क भूपाल तोडी वाजवेल. तेही बिनचूक, कारण सा आणि प कोमल होतच नाहीत. संध्याकाळच्या क्लासात सकाळचा राग!

या स्पर्धेत भातखंडे लिपी जिंकली. कारण उघड आहे : खुणा कमी, छापायला सोपी, आणि तिच्यात बांधलेल्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग मुळात मराठीतच निघाले. शेकडो बंदिशी हाताशी असलेली पुस्तकं कुणाही मास्तरांना हवीशी वाटणारच. पलुस्कर परंपरेतल्या पुढच्या पिढ्यांनीही आपल्या खुणा सोप्या करून घेतल्या. जिंकलेली लिपी गायनासाठी उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. वाद्य शिकवणाऱ्यांचं मात्र त्यात नुकसान झालं, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

पलुस्कर लिपी किचकट होती ती प्रत्येक स्वराला त्याच्या कालमानाची खूण देत असल्यामुळे : मात्रा, अर्धी, पाव, अष्टमांश. भातखंडे लिपीत एका मात्रेतले स्वर एका अर्धचंद्रावर (अक्षरांखालच्या कमानीवर) बसवतात. मधली थांबण्याची जागा अवग्रहाने (ऽ) दाखवायची असते. मोठ्या पुस्तकांत ती दाखवलेली असते. क्लासच्या वहीत नसते. तबल्याच्या वहीत एका अर्धचंद्रावर नुसतं ‘धातिरकिट’ लिहिलेलं असतं. सरांच्या हातात त्याचा अर्थ स्पष्ट असतो : धा अर्धी मात्रा, उरलेल्या अर्ध्यात तिरकिट. घरी वही उघडणारा मुलगा पाच अक्षरं सारख्या अंतराने वाजवतो, आणि पुढच्या तासाला ‘लय पक्की नाही’ म्हणून बोलणी खातो. लय पक्की आहे, वही कच्ची आहे. सतारीला आणखी अडचण. मसीतखानी गतीत (सतारीच्या विलंबित लयीतल्या रचनेत) ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ हे बोलच गतीचा सांगाडा असतात आणि गत बाराव्या मात्रेपासून उचलायची असते; स्वरांची ओळ लिहून एवढं कळत नाही, बोलांची दुसरी ओळ खाली जोडावी लागते.

म्हणूनच चांगल्या खासगी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहण्यासारख्या असतात. स्वरांवर पेन्सिलने बोटांचे आकडे, श्वासासारखे स्वल्पविराम, मींडेची कमान, ‘इथे भाता ओढू नको’ अशी सूचना. प्रत्येक सरांची स्वतःची खाणाखुणांची भाषा. कुठल्याही मंडळाने ती मंजूर केलेली नाही, आणि शिकवण्याचं खरं काम तिच्यावरच चालतं.

मंडळाचा उल्लेख आलाच आहे, तर परीक्षांबद्दल. १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं, त्यानंतर परीक्षांची शिडी बांधली गेली आणि ती आजही उभी आहे : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे ‘अलंकार’ नावाची परीक्षा. खासगी शिक्षकाला तिने अभ्यासक्रम दिला, पालकाला प्रगती मोजायची पट्टी दिली. वरच्या परीक्षांच्या लेखी पेपरात दोन स्वरलिपींची तुलना हा ठरलेला प्रश्न. मुलं त्याचं उत्तर तक्ता काढून छान लिहितात. पलुस्कर लिपीतली एखादी बंदिश वाचून वाजवायची वेळ त्यांच्यावर जवळजवळ कधीच येत नाही.

त्याच शहरांत, कधी त्याच गल्लीत, दुसराही एक प्रवाह वाहत होता. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य लिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपट संगीताचे वाद्यवृंद भरले आणि शिकवण्याही केल्या. त्यांचा विद्यार्थी उभा राहून, हनुवटीखाली व्हायोलिन धरून, कागद बघून वाजवतो. शेजारच्या क्लासात तेच वाद्य मांडी घालून, त्याचं टोक पायावर टेकवून वाजतं, म्हणजे डावा हात मींडेसाठी मोकळा राहतो. दोघांच्या परीक्षाही वेगळ्या, एकाची प्रमाणपत्रं लंडनहून येतात. या दोन प्रवाहांनी एकमेकांकडून शिकवण्याची रीत फारशी घेतली नाही हे नवलच.

अलीकडचा सगळ्यांत मोठा बदल संगीताबाहेरून आला. २०१६-१७च्या सुमारास राज्य सरकारने शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण द्यायचा निर्णय घेतला. क्लासांत गर्दी झाली. शिक्षकांची मिळकत वाढली, हे चांगलंच झालं; वर्षानुवर्षं तुटपुंज्या फीवर शिकवणाऱ्यांना त्यात काही गैर वाटायचं कारण नाही. पण त्याबरोबर उलटी मोजणी सुरू झाली : दहावीच्या आत किती परीक्षा हव्यात, म्हणजे पाचवीला यायला हवं की सहावीला चालेल. अलंकार पक्के व्हायच्या आत परीक्षेचे राग सुरू होतात. मुलाला पांढरी एकमध्ये (पहिली पांढरी पट्टी ‘सा’ धरून) बसवलं की सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, काम लवकर होतं. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीची साथ करायची वेळ आली की तोच मुलगा अडखळतो. जुने मास्तर पहिल्या वर्षातच दोन-तीन पट्ट्या फिरवून घेत. आता कीबोर्डवर बटण दाबलं की पट्टी बदलते, त्यामुळे तो आग्रह धरणारे सरही कमी झालेत.

२०२० मध्ये क्लास पडद्यावर गेले तेव्हा आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणाच्या उशिरामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवताच येईना. सरांनी ठेका किंवा बंदिश रेकॉर्ड करून पाठवायची, मुलाने वाजवून व्हिडिओ परत पाठवायचा, असं चाललं. टाळेबंदी उठल्यावरही परगावच्या आणि परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी ती सोय राहिली. आता वहीच्या पानाबरोबर सरांच्या हाताचा व्हिडिओही घरी जातो, आणि ‘धातिरकिट’ कसं वाजवायचं हे मुलाला अर्धचंद्रावरून ओळखावं लागत नाही.