धुऱ्याच्या अलीकडे मका, पलीकडे सोयाबीन

२०२५ ची दिवाळी उलटून दहाएक दिवस झाले असतील. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजार समितीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याची अर्धी बाजू मक्यानं पिवळी झाली होती. एक बाई अनवाणी पावलं घासत त्या दाण्यांतून सऱ्या पाडत होती, खालचा ओला दाणा वर यावा म्हणून. आत हर्रासीत व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तळाचा मूठभर दाणा काढला आणि एक दाताखाली फोडला. "वला हाये." मीटरवर ओलावा सतराच्या आसपास आला. हमीभावाच्या खरेदीला चौदा टक्क्यांपर्यंतच चालतो. बोली क्विंटलला सोळाशेवर थांबली.

"हमीभाव तं चोवीसशे हाये नं?" मी शेजारच्याला विचारलं.

"थो केंद्रावर. केंद्र उघडलं कुठं अजून?"

त्याच्या दीड-दोन वर्षं आधी हाच मका देशाचं सोनं ठरत होता, कारण त्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल काढायचं होतं. अन्नदाता आता ऊर्जादाता होणार, हे नागपूरकर नितीन गडकरींचं वाक्य विदर्भात पाठ झालं होतं. सोनं सोळाशेवर कसं आलं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

धान्यापासून अल्कोहोल काढायचं आणि त्यासाठीचं अनुदान शेतकऱ्याच्या नावावर मांडायचं, ही गोष्ट विदर्भाला नवी नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढलं, पण हे वाण लवकर निसवायचे आणि कणीस भरतं ना भरतं तोच पाऊस गाठायचा. दाणा काळा पडायचा. ती काळी ज्वारी भाकरीला कडवट लागे, बाजारात तिला कोणी विचारत नसे, आणि घरच्या गुराढोरांनी खाऊन खाऊन किती खावी? २००७ मध्ये राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान द्यायचं धोरण आणलं, तेव्हा पुढे केलेलं कारण हेच होतं: काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल. गडचिरोलीतून डॉ. अभय बंगांनी या धोरणाला कडाडून विरोध केला. ज्या जिल्ह्यानं चळवळ करून १९९३ मध्ये दारूबंदी मिळवली, त्याच्या शेजारी सरकारी पैशातून दारूचे कारखाने कशाला, हा त्यांचा प्रश्न. परवाने मिळालेल्यांत वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांच्या घरच्यांची नावं निघाली, गदारोळ झाला आणि धोरण गुंडाळलं गेलं. तोवर वऱ्हाडातल्या वावरांतून ज्वारीच हद्दपार होत आली होती. तिची जागा सोयाबीननं घेतली. भाव मिळवून द्यायचा होता ते पीकच उरलं नाही, हे मला त्या सगळ्या भांडणापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

त्या वादात दारू होती म्हणून समाज पेटला. इंधनाच्या टाकीत जाणाऱ्या अल्कोहोलबद्दल, म्हणजे इथेनॉलबद्दल, तसं कोणी पेटत नाही.

त्या टाकीचा इतिहास अमेरिकेत आहे. तिथल्या मक्याला सरकारचा टेकू १९३३ च्या कृषी कायद्यापासूनचा, महामंदीच्या काळातला. पिकलेल्याचं करायचं काय, हा तिथला कायमचा प्रश्न. १९७८ मध्ये, तेलसंकटाच्या दिवसांत, इथेनॉलला गॅलनमागे ४० सेंट इतकी करसवलत मिळाली. १९८० च्या जानेवारीत अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून सोव्हिएत रशियाला धान्य विकायला बंदी आली, मक्याचे ढीग साचले आणि इथेनॉलवाल्यांचं फावलं. खरी कलाटणी २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी दिली. सवलतीच्या जोडीला सक्ती आली: तेल कंपन्यांनी ठरलेलं इथेनॉल मिसळलंच पाहिजे, त्यात मक्यापासूनचं १५ अब्ज गॅलनपर्यंत. २०११ अखेर करसवलत संपली, सक्ती राहिली. आज तिथल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग इथेनॉलच्या कारखान्यांत जातो.

वादही तेव्हापासूनचा. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे त्यांची मक्याची भाकर, महाग झाली म्हणून लोक रस्त्यावर उतरले. मका पिकवायला लागणारं डिझेल आणि खत धरलं तर हाती किती ऊर्जा उरते, यावर शास्त्रज्ञ भांडत राहिले. पण आयोवा हे मक्याचं राज्य, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस कित्येक वर्षं तिथूनच सुरू व्हायची. इथेनॉलला नावं ठेवून आयोवात मतं मागायची कोणाची छाती!

आपल्याकडे २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणापासून सुरुवात झाली. बरीच वर्षं तो उसाच्या मळीचा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा आणि उत्तर प्रदेशाचा मामला होता. विदर्भात साखर कारखाने मोजके, त्यातले अनेक बंद पडलेले. २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणारी बस आली, तिचं कौतुक झालं, काही वर्षांनी ती दिसेनाशी झाली. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं धान्याला दार उघडलं. २०२१ च्या जानेवारीत धान्यावर चालणाऱ्या कारखान्यांनाही व्याजात सवलत मिळाली, वर्षाला सहा टक्के किंवा निम्मं व्याज, जे कमी असेल ते. २०२२ मध्ये वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं गेलं.

मक्याचं नशीब फिरलं ते ७ डिसेंबर २०२३ ला. पावसानं ओढ दिलेली, साखर कमी पडेल या भीतीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. ती पुढे काहीशी सैल झाली, २०२४-२५ साठी उठलीही, पण खड्डा पडायचा तो पडला. तो भरायला २०२४ च्या जानेवारीत मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैसे जास्तीचे जाहीर झाले आणि दर ७१ रुपये ८६ पैशांवर गेला. २०२२-२३ च्या इथेनॉल वर्षात मक्यापासून सुमारे ३१ कोटी लिटर आलं होतं, पुढच्याच वर्षी ते २८६ कोटींच्या घरात गेलं.

एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. त्या दरानं त्याचे २७३० रुपये झाले. त्यातून मका, कोळसा, एन्झाइम, बँकेचा हप्ता असं सगळं काढायचं, वरून चोथ्याचे पैसे मिळतात. चोवीसशेनं मका घेतला तर काही सुटत नाही, असं कारखानदार म्हणतात आणि ते अगदीच खोटं नसावं. सोळाशेनं घेतला तर काय सुटतं, हे मात्र कोणी सांगत नाही. लिटरचा दर दिल्लीत ठरतो, वाटपातलं इथेनॉल त्या दरानं घ्यायला तेल कंपन्या बांधलेल्या आहेत. मक्याच्या भावाला असं कोणी बांधलेलं नाही. हमीभाव जाहीर होतो, पण व्यापाऱ्यावर त्याची सक्ती नाही.

२०२४ मध्ये भाव चढले होते, हेही खरं. अमरावतीकडचे कोंबडीवाले खाद्य परवडत नाही म्हणून ओरडत होते, आणि मका निर्यात करणारा आपला देश म्यानमार आणि युक्रेनकडून मका घेऊ लागला. ते भाव पाहून लोकांनी २०२५ च्या खरिपात मका वाढवला. कापसाला बोंडअळी, सोयाबीनला भाव नाही, मग करायचं काय? मक्यालाही लष्करी अळी आहेच, आणि रानडुकरांना तर तो आपल्यापेक्षा जास्त आवडतो. रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवावे लागतात.

त्याआधीच सरकारनं दुसरा नळ सोडला होता. अन्न महामंडळाची गोदामं तांदळानं भरलेली. २०२३ च्या जुलैत इथेनॉलला बंद केलेला तांदूळ २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा दर २८०० वरून २२५० रुपये क्विंटलवर आणला गेला. सरकारला तो याहून कितीतरी महाग पडतो. २०२४-२५ साठी ५२ लाख टन ठेवला गेला. तिकडे कारखाने इतके उभे राहिलेत की २०२५-२६ साठी त्यांनी १७७६ कोटी लिटर देऊ केलं आणि तेल कंपन्यांनी पहिल्या वाटपात घेतलं १०४८ कोटी. मग चढा भाव देऊन मका कोण ओढेल?

विदर्भाला बसणारा फटका मात्र त्या चोथ्याचा. इथेनॉल काढल्यावर मक्याचा जवळपास तिसरा हिस्सा चोथा म्हणून उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. प्रथिनं भरपूर, भाव सोयापेंडीहून कमी. कोंबडीखाद्यवाले तिकडे वळले आणि सोयापेंडीची मागणी आटली. सोयाबीनला २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास रेंगाळत होतं. पडलेल्या भावाला तेलाची आयातही कारण आहे, सगळं खापर चोथ्यावर फोडता येणार नाही. पण धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे मका आणि पलीकडे सोयाबीन पेरणारा माणूस एकच असतो. त्याचाच मका चोथा होऊन त्याच्याच सोयाबीनला खाली ओढतो.

आता अमेरिकेला तिचा मका इथे विकायचा आहे. एवढे एकशे चाळीस कोटी लोक, मग आमचा एक बुशेलही (धान्य मोजायचं तिकडचं माप) का घेत नाहीत, असं तिथले व्यापारमंत्री हॉवर्ड लुटनिक २०२५ च्या सप्टेंबरात विचारत होते. तिथला मका बहुतेक जनुकबदल केलेला, म्हणून तो अजून दाराबाहेर आहे. पण २०२६ च्या फेब्रुवारीतल्या दोन्ही सरकारांच्या संयुक्त निवेदनात, आयात शुल्क कमी करायच्या शेतमालाच्या यादीत पहिलं नाव डीडीजीएसचं आहे. दुसरं आहे जनावरांच्या खाद्यासाठीच्या लाल ज्वारीचं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर हीच लाल ज्वारी मिलो म्हणून मिळायची. तिची भाकर थापताना तुटायची, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून सांगतात.