युद्धोत्तर इटालियन फॅमिली आणि एक्झिक्युटिव्ह गाड्या

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत घरच्या वापराच्या आणि साहेबलोकांच्या ज्या चार दारांच्या गाड्या निघाल्या (तिकडे बेर्लिना म्हणतात) त्यांची ही नोंद. सुरुवात साधारण १९५० पासून धरतात, कारण त्या एकाच वर्षात फियाट १४००, अल्फा रोमिओ १९०० आणि लान्चिया ऑरेलिया आल्या आणि तिन्ही मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. लान्चियाने हे १९२२ च्या लाम्ब्दात करून बघितलेलं, पण फियाट आणि अल्फाला नवीन होतं.

ऑरेलियाच्या व्ही-६ इंजिनाचा (सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन रांगा इंग्रजी V सारख्या तिरक्या) बाप कोण, यावर मात्र घोळ आहे. जुन्या पुस्तकांत सरळ वित्तोरियो यानोचं नाव असतं, तो अल्फा सोडून १९३७ मध्ये लान्चियात आला आणि तांत्रिक कारभार त्याच्याकडेच होता म्हणून ते चिकटलं असावं. पण सहा सिलिंडर कसे बसवले की इंजिन थरथरत नाही याचं गणित युद्धाच्या काळातच लान्चियाचा इंजिनिअर फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ करत होता, दोन रांगांमधला ६० अंशांचा कोन त्यातूनच आला, त्यामुळे अलीकडे श्रेय त्याला देतात आणि तेच जास्त पटतं. ‘जगातली पहिली व्ही-६’ हेही जपूनच घ्यावं, फ्रान्सच्या दलायेने पहिल्या महायुद्धाआधी थोड्या व्ही-६ गाड्या काढल्या होत्या, मोठ्या संख्येने बनलेली पहिली म्हटलं तर चालेल. १७५४ सीसीचं इंजिन पुढे, पण क्लच-गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलपाशी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि मागचे ब्रेकही चाकात नाहीत, तिथेच आत, म्हणजे वजन छान वाटलं जातं पण ब्रेक बघायला गाडीखाली शिरणं आलंच.

पुढे अल्फाची जुलिया (१९६२), दिसायला खोक्यासारखी पण हवेच्या अडथळ्याचा आकडा (ड्रॅग कोएफिशंट, जितका कमी तितका चांगला) फक्त ०.३४. लान्चिया फ्लाव्हिया (१९६०) पुढच्या चाकांवर चालणारी. फियाटच्या १८००/२१०० (१९५९) मधलं सहा सिलिंडरचं इंजिन आधी फेरारीत असलेल्या लाम्प्रेदीचं. फियाट १२४ (१९६६) वरून रशियात लाडा बनली. १९६९ मध्ये लान्चियाच फियाटकडे गेली.

आपल्याकडे यातली एकच गाडी घरोघरी पोचली, १९५३ ची फियाट ११००, जी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवली. सुरुवातीचं मॉडेल मुंबईत ‘डुक्कर फियाट’, बहुधा गुबगुबीत आकारावरून. नंतरची ११०० डी म्हणजे डिलाइट, आणि तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला तसाच. इटलीत ११०० च्या जागी १९६९ मध्येच १२८ आली होती, कुर्ल्यात मात्र उत्पादन २००० च्या आसपासपर्यंत चालू होतं आणि मुंबईच्या काळीपिवळीतून पद्मिनी गेली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.